हातावरचे चट्टे आणि आमचे डायलिसिस केंद्र: एक सविस्तर अभिप्राय

डायलिसिस केंद्र निवडताना बहुतेक कुटुंबे घरापासूनचे अंतर, मिळणारी शिफ्ट, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात की नाही आणि मशीन किती जुन्या आहेत, एवढे पाहतात. आम्हीही तेच पाहिले होते. परंतु माझ्या वडिलांना डायलिसिस सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच हातावर लाल चट्टे उठू लागले, खाजेने त्यांची झोप उडाली, आणि तेव्हापासून मी केंद्राची पारख एका वेगळ्याच कसोटीवर करू लागले. रुग्ण ‘खाज येते’ असे म्हणाला की समोरचा माणूस नेमके काय करतो, ही ती कसोटी. सांगली-मिरज परिसरातील ज्या केंद्रात सध्या आम्ही जातो, त्याच्या सेवेविषयी मी याच अंगाने लिहिणार आहे. इमारत, वाहनतळ, उपाहारगृह यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

आधीच्या केंद्राचे नाव मी लिहीत नाही. मात्र तिथे काय घडले हे सांगितल्याशिवाय आताच्या केंद्राचे वेगळेपण कळणार नाही. बाबांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, त्या हातात दोन जाड सुया असतात आणि त्या हलू नयेत म्हणून चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. सुयांच्या आसपासची त्वचा लाल होऊन बारीक पुरळ येऊ लागले, पुढे त्यातून पाणी सुटू लागले. तक्रार केल्यावर दरवेळी एकच उत्तर मिळे, की डायलिसिसच्या सगळ्याच रुग्णांना खाज येते, पित्ताची गोळी घ्या. गोळी होती लेव्होसेटिरिझिनची. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर जाते, डायलिसिसने ते फारसे निघत नाही, आणि म्हणूनच मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या रुग्णांना ते वर्ज्य मानले जाते. बाबा दिवसभर गुंगीत असायचे आणि चट्टे मात्र जिथल्या तिथे. नेफ्रॉलॉजिस्टांनी चिठ्ठी पाहताच ती गोळी बंद केली आणि गुंगी उतरली. ज्या ठिकाणी दररोज मूत्रपिंडाचे रुग्णच येतात, तिथे हे औषध सर्रास वाटले जावे, याचा राग मला आजही आहे.

नव्या केंद्रात पहिल्याच दिवशी प्रमुख सिस्टरांनी बाबांचा हात उजेडात धरला आणि विचारले, ‘काका, खाज पहिल्यांदा नक्की कुठं सुरू झाली, ते बोटानं दाखवा.’ बाबांनी दाखवले. मग त्यांनी मलाही जवळ बोलावून दाखवले, आणि इतके महिने तो हात रोज पाहूनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते ते तेव्हा दिसले. सुईच्या छिद्रापाशी त्वचा जवळजवळ स्वच्छ होती. लाली होती ती छिद्रापासून दूर, सरळ कडांच्या चौकोनात, म्हणजे पट्टी जिथवर चिकटते तिथवर. आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवर पुरळ सर्वांत दाट होते. याशिवाय कोपराच्या बाजूने हाताच्या खालच्या अंगाला एक अरुंद ओघळ उतरलेला होता, जिथे पट्टी कधीच लागत नव्हती. सिस्टरांचे म्हणणे असे, की चौकोन पट्टीचा असणार आणि ओघळ जंतुनाशकाचा. एकाच हातावर दोन वेगळी कारणे असू शकतात, तेव्हा दोन्ही एकदम बदलायची नाहीत.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फिस्टुलाच्या हाताला डायलिसिसच्या निमित्ताने कितीतरी पदार्थ लागतात: पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडिन, स्पिरिट, पट्टीचा चिकटा, हातमोज्यांचे रबर, सुईच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून काही जण लावतात ते बधिरतेचे मलम, आणि जखमेवर म्हणून घरी लावलेले प्रतिजैविक मलमसुद्धा. सगळे एका दिवशी बदलले तर चट्टे जातीलही, पण कशामुळे गेले ते कळत नाही, आणि पुढे रुग्णालयात दाखल व्हावे लागले की तोच पदार्थ पुन्हा अंगाला लागतो. या केंद्राने आधी फक्त पट्टी बदलली आणि जंतुनाशक तेच ठेवले. पुढच्या दोन आठवड्यांत चौकोन फिका पडत गेला, ओघळ मात्र कायम राहिला. त्यानंतर त्यांनी जंतुनाशक लावण्याची पद्धत बदलली. पोव्हिडोन आयोडीन त्वचेवर दोन-तीन मिनिटे राहून पूर्ण वाळावे लागते, तरच ते जंतूंवर नीट काम करते. आणि ते ओले असतानाच वर पट्टी बसली किंवा खाली ओघळून साचले, तर त्वचेचा दाह होतो. असा दाह ही ॲलर्जी नसते, पण डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आता इथे हात आडवा ठेवून खाली कोरडे गॉज धरतात, औषध वाळेपर्यंत थांबतात आणि डायलिसिस संपून रक्त थांबल्यावर उरलेला तपकिरी डाग सलाइनने पुसून काढतात. ओघळही गेला.

पट्टीविषयीचा संशय खरा आहे का, हे पक्के करण्यासाठी केंद्राने आम्हाला त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टला पाठवले. संशयित पदार्थांचे ठिपके पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात, मग काढून पाहतात आणि साधारण ९६ तासांनी पुन्हा पाहतात. कारण स्पर्शातून होणारी ही ॲलर्जी विलंबाने उमटणारी असते आणि पहिल्या दिवशी तिचा मागमूसही नसतो. डायलिसिसच्या रुग्णाची यात अडचण अशी, की चार तास पाठीवर रेलून बसल्याने ठिपके निघतात किंवा घामाने सरकतात. केंद्रातील समन्वयक मुलीने त्वचारोग विभागाशी बोलून वेळ अशी बसवली, की शनिवारचे डायलिसिस झाल्यावर ठिपके लागले, सोमवारी निघाले आणि बुधवारी दुसरी तपासणी झाली. म्हणजे ठिपके पाठीवर असताना एकही डायलिसिस आले नाही. इतका विचार कोणी आपल्यासाठी करतो, याचे मोल रुग्णाच्या घरच्यांनाच कळेल. तपासणीत कोलोफोनीच्या ठिपक्याखाली लाल, उंचवटा आलेला, बारीक फोड असलेला गोल उठला होता. कोलोफोनी म्हणजे चीड वृक्षाच्या स्रावापासून मिळणारी राळ. झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या कापडी पट्ट्यांच्या चिकट्यात ती पूर्वापार वापरली जाते. आयोडीनचा ठिपका कोरा निघाला. त्यामुळे बाबांना आयोडीन चालते, राळेचा चिकटा चालत नाही, एवढे स्पष्ट झाले आणि तसे कार्ड त्यांच्या खिशात आले.

आता सिलिकोनच्या चिकट्याची पट्टी लावतात. ती काढताना त्वचा ओढली जात नाही, हाही एक लाभ, कारण दीर्घकाळच्या आजाराने बाबांची त्वचा पातळ आणि कोरडी झाली आहे. मात्र सिलिकोनची पकड कापडी पट्टीइतकी घट्ट नसते आणि डायलिसिस चालू असताना सुई निसटली तर काही मिनिटांत जीवावर बेतेल इतके रक्त जाऊ शकते. म्हणून इथे सुईच्या पंखांवरून पट्टी ठरावीक पद्धतीने फुलीसारखी फिरवतात, नळी हाताला वेगळी बांधतात आणि हात पांघरुणाखाली जाऊ देत नाहीत. एसीच्या गारव्यात बाबा पांघरूण ओढतात. दर वेळी कोणीतरी येऊन ते बाजूला करते. त्यांना याचा त्रास होतो, पण माझे मत टेक्निशियनच्या बाजूने आहे.

हातावरच्या चट्ट्यांहून गंभीर अशी दुसरी ॲलर्जी आहे, जी डायलायझरमुळे, म्हणजे मशीनवरच्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्यामुळे, किंवा रक्तात जाणाऱ्या औषधामुळे सर्वांगाला होते. बाबांना ती झाली नाही, पण शेजारच्या खुर्चीवरील एका बाईंना होताना मी पाहिली आहे. त्या केंद्रात नवीन होत्या. मशीन सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, त्यांनी आधी तळहात चोळले, मग गळ्याशी खाजवू लागल्या, आणि बघता बघता गळ्यापासून छातीपर्यंत पित्त उठल्यासारख्या गांधी उठल्या. ‘अंगातून वाफा येतात’ असे त्या म्हणाल्या आणि खोकू लागल्या. टेक्निशियनने रक्ताचा पंप थांबवला, दोन्ही नळ्यांना चिमटे लावले आणि सिस्टरांना हाक मारली. नळीतले रक्त त्यांनी परत शरीरात सोडले नाही. नातेवाईक ‘एवढे रक्त वाया का घालवता’ म्हणून कळवळले, परंतु अशा वेळी तेच योग्य असते, कारण ज्या पदार्थाने ही प्रतिक्रिया पेटली तो त्या रक्तात असतो. डॉक्टर आले, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मांडीत दिले, प्राणवायू लावला. बाई सावरल्या. गोंधळ झाला नाही, कोणी कोणावर ओरडले नाही, आणि इमर्जन्सीची ट्रॉली उघडायला किल्ली शोधावी लागली नाही.

नंतर मी डॉक्टरांना कारण विचारले. त्यांनी वेळ देऊन समजावले. डायलायझर म्हणजे केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा. तंतू दोन्ही टोकांना पॉलियुरेथेनच्या लगद्यात बसवलेले असतात. काही डायलायझर इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेले असतात आणि तो वायू या लगद्यात अडकून राहतो. नीट धुतले नाही, तर डायलिसिस सुरू होताच तो रक्तात उतरतो आणि ज्यांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात त्यांना पहिल्या काही मिनिटांतच असा झटका येऊ शकतो. वाफेने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले डायलायझर वापरले की हा धोका टळतो. तंतूंची भिंत म्हणजे रक्त गाळणारा पडदा, आणि त्या पडद्याच्या पदार्थामुळेही प्रतिक्रिया येते. पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या एका विशिष्ट पडद्यावर डायलिसिस चालू असताना रुग्ण रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर गटातील गोळी घेत असेल, तर ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य साठून तीव्र प्रतिक्रिया होते, हे १९९० च्या सुमारास लक्षात आले. म्हणून घरी चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव केंद्राला माहीत असणे आवश्यक आहे. इथे दर महिन्याच्या रक्ततपासणीबरोबर गोळ्यांची यादीही नव्याने लिहून घेतात. मला पूर्वी तो कागदी सोपस्कार वाटायचा.

त्या बाईंना आता वाफेने निर्जंतुक केलेला डायलायझर लावतात. त्यांच्या फाईलच्या मुखपृष्ठावर तसे लाल अक्षरांत लिहिले आहे.

डायलायझरच्या पुनर्वापराविषयी वाचकांच्या मनात शंका असते, म्हणून तेही लिहिते. खर्च आटोक्यात राहावा म्हणून आपल्याकडे अनेक केंद्रांत एकाच रुग्णाचा डायलायझर धुऊन पुन्हा त्याच रुग्णाला लावतात, आणि इथेही लावतात. तंतूंमध्ये मावणारे द्रव मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली गेले की डायलायझर टाकून द्यावा, असा मान्य दंडक आहे. ॲलर्जीच्या दृष्टीने यात लक्ष ठेवण्याची जागा म्हणजे धुण्यासाठी आणि साठवणीसाठी वापरलेले पेरॲसिटिक आम्ल किंवा फॉर्मॅलिन पूर्ण निघून गेले आहे का, ही. या केंद्रात जोडणीपूर्वी सलाइनचा थेंब चाचणीपट्टीवर घेऊन रंग पाहतात, तो रुग्णाला किंवा नातेवाइकाला दाखवतात आणि डायलायझरवरचे नाव मोठ्याने वाचतात. बाबा स्वतः ते नाव वाचून मान डोलावल्याशिवाय नळी जोडली जात नाही. गर्दीच्या सकाळी ही दोन मिनिटे वाचवण्याचा मोह किती असेल, याची मला कल्पना आहे. तरीही ती वाचवली जात नाहीत.

डायलिसिस चालू असताना रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनचा बॅच क्रमांक प्रत्येकाच्या तक्त्यावर लिहिला जातो, हेही इथेच पाहिले. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी अमेरिकेत डायलिसिसच्या अनेक रुग्णांना हेपॅरिन दिल्यावर काही मिनिटांत चेहऱ्याला सूज, गांधी आणि रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडले. पहिली सूचना सेंट लुईसच्या एका बालरुग्णालयातून गेली. डुकराच्या आतड्यापासून बनणाऱ्या या औषधाच्या चीनमधून आलेल्या कच्च्या मालात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ आढळली. डायलायझर, नळ्या, पाणी अशा संशयितांच्या रांगेतून हेपॅरिनपर्यंत पोहोचता आले ते नोंदींच्या आधारेच. आपल्याकडे तक्त्यावरचा तो रकाना अनेकदा कोरा असतो, आणि कोरा ठेवण्याला काहीही सबब नाही.

तथापि सगळीच खाज ॲलर्जीची नसते, आणि या केंद्राचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते हा भेद समजून घेण्यासाठी. अनेक देशांतील मोठ्या पाहण्यांनुसार डायलिसिसच्या सुमारे ४० टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र खाज असते. ती मूत्रपिंडाच्या आजाराचीच असते: पाठीवर, दोन्ही अंगांना सारखी, रात्री वाढणारी, आणि खाजवून पडलेल्या ओरखड्यांखेरीज त्वचेवर काहीच दिसत नाही. चट्टे गेल्यावरही बाबांना पाठीची खाज राहिली होती. तेव्हा इथे त्यांचे फॉस्फरस आणि डायलिसिस पुरेसे होते आहे का ते आधी तपासले, दिवसातून दोनदा साधे, सुगंधविरहित मलम लावायला सांगितले, आणि तेवढ्याने भागले नाही तेव्हा डॉक्टरांनी डायलिसिसनंतर घ्यायची गॅबापेंटिनची अगदी लहान मात्रा सुरू केली. याच खाजेसाठी डायफेलिकेफॅलिन नावाचे, डायलिसिसच्या शेवटी नळीतून देण्याचे इंजेक्शन अमेरिकेत २०२१ साली मान्य झाले. आम्हाला त्याची गरज पडली नाही. फिस्टुलाच्या हाताला डायलिसिसच्या दिवशी सकाळी तेल वा मलम लावायचे नाही, नाहीतर पट्टी धरत नाही, ही सूचना मात्र आवर्जून मिळते. दाराशीच बेसिन आणि साबण आहे. हात धुतल्याशिवाय खुर्चीवर बसू देत नाहीत.

उणिवा आहेत, आणि त्या मी केंद्राला लेखी दिल्या आहेत. सिलिकोनची पट्टी केंद्राच्या औषधदुकानात मिळत नाही. ती कागदी पट्टीच्या कितीतरी पट महाग आहे आणि शहरातून आम्हालाच आणावी लागते. ज्यांना परवडत नाही ते कापडी पट्टीचा त्रास सोसत राहतात, आणि चार-पाच रुग्णांच्या हातांवर तोच सरळ कडांचा चौकोन मला दिसतो. धर्मादाय निधीतून यावर खर्च व्हावा, असे मला मनापासून वाटते. रबराची ॲलर्जी असलेल्यांसाठी नायट्राइलचे हातमोजे असतात, पण ते मागावे लागतात. त्वचारोगतज्ज्ञ केंद्रात येत नाहीत. अशक्त माणसाला रिक्षा करून दुसरीकडे न्यावे लागते.

सर्वांत मोठी तक्रार संध्याकाळच्या शिफ्टची. एका सणाच्या आठवड्यात आमची वेळ बदलून संध्याकाळची मिळाली. तेव्हाचा टेक्निशियन नवा होता, फाईल कपाटात होती, आणि त्याने सवयीने कापडी पट्टी लावली. बाबांनी कार्ड दाखवले तर तो म्हणाला, ‘आजच्या दिवस चालवून घ्या, काका.’ तिसऱ्या दिवशी चौकोन परत उठला आणि तो जायला पुढचा आठवडा लागला. सकाळची सेवा इतकी नेटकी असताना संध्याकाळी ॲलर्जीची नोंद कपाटात बंद राहावी, हे मला मान्य नाही. व्यवस्थापकांनी ऐकून घेतले, दिलगिरी व्यक्त केली आणि ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या नावांचा तक्ता मशीनशेजारी लावण्याचे मान्य केले. तक्ता लागला आहे, पण त्यात पट्टी व जंतुनाशकाचा रकाना नाही, फक्त औषधांचा आहे. तो रकाना वाढवावा, अशी आमची मागणी अजून प्रलंबित आहे.

इतके असूनही ज्यांच्या घरातील माणसाला डायलिसिसवर चट्टे, गांधी किंवा न थांबणारी खाज आहे, त्यांना मी हे केंद्र निःसंकोच सुचवेन, शक्यतो सकाळच्या शिफ्टसाठी. पहिल्या भेटीला जाताना आधीच्या केंद्रात वापरलेल्या डायलायझरचे नाव आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत, पट्टीचे रिकामे वेष्टन, जंतुनाशकाचे नाव आणि घरच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. चट्टे उठलेले असतानाच हाताची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि ती डायलिसिसनंतर किती तासांनी काढली ते लिहून ठेवावे. मशीनवर असतानाच उठलेल्या गांधी आणि दोन दिवसांनी उमटलेला इसब यांची कारणे वेगळी असतात आणि सिस्टर पहिला प्रश्न त्याविषयीच विचारतात.